पोरं कमी झाली, पार्सलं वाढली

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्याकडे एका वाचकांचं पत्र छापून आलं होतं. त्यात म्हटलं होतं, ठाण्याच्या घोडबंदर रोडचं ट्रॅफिक, ट्रेनची गर्दी, पाण्याचे टँकर, ऍडमिशनची मारामारी, सगळ्याला कारण एकच, लोकसंख्या, आणि उपाय पण एकच, दोन मुलांचा कडक कायदा करा आणि न ऐकणाऱ्यांचं रेशन बंद करा. ते वाचून मी पेपर घडी घालून ठेवला, चहा केला, परत उघडून वाचलं आणि म्हटलं आता लिहावंच. कारण त्याच दिवशी दुपारी आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी बरोबर उलटा मेसेज टाकला होता, की प्रत्येक घरात तीन मुलं झालीच पाहिजेत नाहीतर आपण संपलो, आणि त्याच्या खाली अंगठ्यांची ही रांग. म्हणजे एकाच दिवसात दोन पुरुषांनी मला सांगितलं की बायकांनी किती पोरं जन्माला घालायची, एकाने दोन, एकाने तीन. दोघांपैकी एकालाही कळा येणार नाहीयेत.

मी कोण ते सांगते. वय ६३. छत्तीस वर्षं ठाण्यात आरोग्यसेविका होते, वस्तीतले लोक आधी नर्सबाई म्हणायचे, मग नंतर नंतर सिस्टर म्हणायला लागले. कोव्हिडच्या धामधुमीत २०२० साली रिटायर झाले, त्यामुळे सेंड-ऑफ नाही, नारळ नाही, शाल नाही, काही नाही. वागळे इस्टेटच्या बाजूच्या चाळी, डोंगराच्या कडेच्या झोपडपट्ट्या, तिथली दारं मला पाठ होती. गोवराची लस, पोलिओचे डोस, गरोदर बायकांच्या नोंदी, कॉपर टी, माला-डीच्या गोळ्या, निरोधची पाकिटं आणि कुटुंबनियोजनाच्या ऑपरेशनच्या केसेस, हेच माझं काम. त्यामुळे लोकसंख्या म्हटलं की लोकांना आकडे दिसतात, मला दारं दिसतात.

आणि स्वतःचंच घर दिसतं. वडील संगमेश्वरकडून आलेले, वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात हेल्पर. किसननगरच्या चाळीत दहा बाय बाराची खोली. आईला सात मुलं झाली, जगलो पाच. एक भाऊ गोवराने गेला आणि एक बहीण जुलाबाने, ती अकरा महिन्यांची होती. शेवटपर्यंत आई कोणी विचारलं की सातच सांगायची, आम्ही मागून आई पाच गं म्हटलं की गप्प बसायची. तेव्हा कळत नव्हतं, नोकरीला लागल्यावर कळलं. देशात १९५१ च्या सुमाराला जन्मलेल्या हजार बाळांपैकी जवळजवळ दीडशे पहिला वाढदिवस बघत नव्हती, २०२० मध्ये तोच आकडा २८ वर आलेला होता. ज्या बाईला माहितीय की सातातली दोन जाणार, ती दोनवर कशी थांबेल? म्हणून आम्हाला ट्रेनिंगमध्ये एक सिनियर बाई सांगायच्या, आधी लस टोच, मग ऑपरेशनचं बोल. जिचं पोर तू वाचवलंस ती तुझं ऐकेल. अगदी खरं निघालं ते.

त्या खोलीत आम्ही पाच भावंडं, आई, वडील, आजी आणि गावाहून नोकरी शोधायला आलेला एक चुलतकाका अशी नऊ माणसं. सामान काय होतं ते मी आत्ता डोळे मिटून सांगू शकते. एक स्टोव्ह, एक शेगडी, एक लोखंडी कॉट जिच्यावर फक्त आजी, एक पत्र्याची ट्रंक, एक ट्रान्झिस्टर, एक पंखा तोही मी सातवीत असताना आलेला. नऊ माणसांचा कचरा एका लहान बालदीत मावायचा आणि त्यातही राख आणि भाजीची देठं जास्त. काच, पत्रा, रद्दी, दुधाची पिशवीसुद्धा धुवून वाळवून भंगारवाल्याला. गरिबी होती, तिचं कौतुक नको. आईच्या हाताला साबणाने भेगा पडलेल्या असायच्या आणि रात्री नळाला पाणी आलं की दोन वाजता उठायचं, त्यात कसली मजा. मी फक्त मोजमाप सांगतेय.

मी तेरा चौदा वर्षांची असताना आणीबाणी आली. नसबंदी हा शब्द मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला, आणि चाळीत तो शब्द कोणी मोठ्याने बोलायचं नाही. वडिलांच्या कारखान्यात सुपरवायझरने यादी केली होती, तीनपेक्षा जास्त पोरं असलेल्यांची. वडील एका रात्रीत गावाला गेले ते महिनाभर आलेच नाहीत, पगार कापला. शेजारचे एक काका करून आले तर त्यांना वर्षभर लोक चिडवायचे, बिचारे गच्चीवर एकटेच बिडी ओढत बसायचे. आपल्या महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचं विधेयक पास पण केलं होतं, राष्ट्रपतींची सही झाली नाही म्हणून वाचलो. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८३ लाख नसबंद्या झाल्या, त्यातल्या साधारण ६२ लाख पुरुषांच्या. पुढे काय झालं बघा. सरकार पडलं, आणि पुरुषांच्या नसबंदीचं नाव काढायचीही कोणाची हिंमत राहिली नाही. सगळा गाडा बायकांवर आला तो आजपर्यंत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत शंभरातल्या जवळजवळ ३८ लग्न झालेल्या बायकांनी स्वतःचं ऑपरेशन करून घेतलेलं आहे आणि नवऱ्याची नसबंदी झालीय अशा बायका हजारात तीन. हजारात. पुरुषाचं ऑपरेशन बिनटाक्याचं असतं, अर्ध्या तासात माणूस चालत घरी जातो, बाईचं पोट उघडावं लागतं किंवा दुर्बिणीने करावं लागतं, हे मी हजार वेळा सांगितलं असेल. उत्तर ठरलेलं, सिस्टर मला जड काम असतं. एक जण बँकेत कॅशियर होता, त्याने पण हेच सांगितलं. छत्तीस वर्षांत मी पुरुषांच्या किती केसेस आणल्या असतील तर दोन्ही हातांची बोटं पुरून उरतील.

मी नोकरीला लागले १९८४ ला. तेव्हा टार्गेट असायचं. प्रत्येक सिस्टरने वर्षाला इतक्या केसेस आणायच्या, नाही आणल्या तर मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर उभं करायचे, मार्च एंडिंगला तर आम्ही वेड्यासारख्या फिरायचो, एकमेकींच्या केसेस पळवायचो, त्यावरून भांडणं. कुठल्या केंद्रात होते ते लिहीत नाही कारण तेव्हा सगळीकडे हेच होतं. आणि लाज वाटते सांगायला पण टार्गेट भरण्यासाठी मी पण कधी कधी बाईला नीट समजावून न सांगता नेलंय. एक बाई होती, तेवीस वर्षांची, दोन पोरं, नवरा पिऊन पडलेला. ऑपरेशन झालं आणि पुढच्या पावसाळ्यात धाकटं पोर कावीळ होऊन गेलं. ती मला काही बोलली नाही, नुसती दारात उभी राहून बघायची, आणि मी त्या गल्लीने जाणं सोडलं. १९९६ साली ते टार्गेट अधिकृतपणे बंद झालं तेव्हा मी देवाला पेढे ठेवले होते. म्हणून कोणी कडक कायदा करा म्हटलं की मला तो सुपरवायझर, ती मार्च एंडिंग आणि ती दारातली बाई आठवते, मी काय करू.

आता गंमत बघा. टार्गेट बंद झालं आणि बायका आपणहून यायला लागल्या. आधी मला घराघरात जाऊन सासूची मनधरणी करावी लागायची, सन दोन हजारच्या आसपास चित्र पालटलं, सासूच सुनेला घेऊन यायची की सिस्टर हिचं दुसरं झालंय आता बघा काय ते. मग आणखी पाच सात वर्षांनी मुली म्हणायला लागल्या, ताई एकच बस झालं, कॉपर टी बसवा, पुढचं पुढे. कारण विचारलं की कोणीही देशाची लोकसंख्या असं सांगितलेलं मला आठवत नाही. एकीने सांगितलं इंग्लिश मिडियमची फी. एकीने सांगितलं मला नोकरी टिकवायचीय. एक भाजीवाली होती, ती म्हणाली मला आईसारखं नाही व्हायचं, एवढंच. कुटुंबनियोजनाचा लाल त्रिकोण भिंतीवर रंगवून पोपडे पडले, हम दो हमारे दो रिक्षाच्या मागे लिहून झालं, त्याचा उपयोग झाला नाही असं नाही, पण मुलगी दहावी झाली की तिचं लग्न चार पाच वर्षं पुढे जातं आणि मुलं आपोआप कमी होतात हे मी रजिस्टरमध्ये बघितलंय, ओळीने.

आकडे हवेत तर तेही आहेत. १९९२-९३ च्या पाहणीत एका बाईमागे सरासरी मुलं देशात ३.४ होती, २०१९-२१ ला २.०. महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या जेवढ्यास तेवढी राहायला साधारण २.१ लागतात. म्हणजे पत्र लिहिणाऱ्या काकांना जो कडक कायदा करून जिथे पोचायचंय त्याच्या पलीकडे आपण कधीच जाऊन बसलोय. आणि कायदा नाही असंही नाही बरं का. महाराष्ट्रात १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं मूल झालं तर ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही, आणि २००५ पासून सरकारी नोकरीत लागताना छोट्या कुटुंबाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं. त्याने काय झालं, तर तिसरं पोर भावाच्या नावावर दाखव, बायकोला माहेरी पाठव, असले उद्योग झाले, बाकीच्या राज्यांतही झाले. आंध्रने तर २०२४ साली निवडणुकीसाठीची ती अट काढूनच टाकली.

मग लोकसंख्या अजून वाढतेय कशी असं लोक विचारतात. घरात भजी तळणाऱ्या कोणालाही हे कळेल. गॅस बंद केला तरी कढईतलं तेल गरम असतं, पुढचे दोन घाणे त्यावरच निघतात. वीस तीस वर्षांपूर्वी भरपूर मुलं झाली, ती आता तरुण आहेत, प्रत्येकीला एक किंवा दोनच होतायत पण आया होणाऱ्याच इतक्या आहेत की एकूण आकडा काही वर्षं चढत राहणार. तेवढ्यात आपण चीनच्या पुढे गेलो, २०२३ मध्ये. नक्की किती हे तरी कुठे मोजलंय, २०२१ ची जनगणना झालीच नाही.

एक गोष्ट मात्र अभिमानाने सांगता येत नाही. मुलं कमी झाली ती मुली कमी करून पण झाली. दोनच हवीत आणि त्यात एक मुलगा हवाच असं गणित बसलं की काय होतं. महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुली १९९१ ला ९४६ होत्या, २००१ ला ९१३, २०११ ला ८९४. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशात सगळ्यात आधी कायदा आपल्याच राज्याने केला, १९८८ ला, आणि तरी हे आकडे. आणि हे गरीब वस्तीत कमी आणि पैसेवाल्यांत जास्त, मी डोळ्याने बघितलंय, सोनोग्राफीला पैसे लागतात. दोन मुलांचा कडक कायदा मागणाऱ्यांनी याचाही विचार करावा.

बरं, आता घोडबंदर. मी गेली अकरा वर्षं मुलाकडे कासारवडवलीला राहते, अठराव्या मजल्यावर. ठाणे शहर २००१ ला १२ लाख ६० हजारांचं होतं, २०११ ला १८ लाख ४० हजारांचं. दहा वर्षांत पावणेसहा लाख माणसं काय ठाण्यातल्या बायकांनी जन्माला घातली? ती आली. गिरण्या बंद पडल्या, परळ लालबागचे लोक खोली विकून आले, मुंबईत परवडेना म्हणून आले, गावात पाऊस पडेना म्हणून आले, बिल्डरने बाल्कनीतून खाडी दिसते असं सांगितलं म्हणून आले. आम्ही संगमेश्वरहून आलो तसे. नव्या मुंबईचं पण तेच, तिथे सिडकोने १९७० पासून जागा आखून ठेवली, माणसं नंतर आली. रस्ता तोच राहिला, टॉवर वाढले, मग गाड्या वाढल्या, मग मेट्रोचे खांब आले. आमच्या बिल्डिंगमध्ये एका घरात तीन माणसं आणि दोन गाड्या हे नॉर्मल आहे, आणि सकाळी साडेआठला प्रत्येक गाडीत एक माणूस. रस्त्यावर माणसांची गर्दी नाहीये हो, लोखंडाची आहे. तेवढीच माणसं दहा बसमध्ये बसली असती.

मला एक नाद आहे मोजायचा, नोकरीची सवय. गेल्या दिवाळीत गेटवर वॉचमनशेजारी बसून मी एका दुपारी मोजलं, दोन ते पाच. एकशे बारा पार्सलं. त्यात माझ्या सुनेचं एक, ते आलं आणि मी मान खाली घातली. एका खोक्यात एक लिपस्टिक, त्याभोवती फुगे असलेलं प्लास्टिक, त्याभोवती आणखी एक पिशवी. दहा मिनिटांत कोथिंबीर आणून देणारी ती पोरं बघवत नाहीत मला, पावसात भिजत, हेल्मेटमधून घाम गळतोय, लिफ्ट सर्व्हिसची वेगळी. खाली भाजीवाला बसतो तिथे जायला चार मिनिटं लागतात, पण चार मिनिटं कोणाकडे आहेत.

आम्ही पाच भावंडं म्हटलं ना, ती पाच जण आता पाच घरांत. एक ऐरोलीला, एक कळव्याला, एक डोंबिवलीला, एक गावाला आणि मी इथे. नऊ माणसांमागे एक पंखा होता. आता आमच्या सगळ्यांच्या घरात मिळून माणसं अठरा आणि एसी अकरा, फ्रीज सहा, टीव्ही आठ, मोबाईल मोजायचे सोडून दिले. माणसं दुप्पट झाली आणि सामान किती पट झालं ते मला सांगता येईना, मी मुलाला विचारलं तर तो म्हणाला आई तू रिकामी आहेस. माणसं मोजणारे लोक घरं मोजत नाहीत. घर फुटलं की माणूस एकही वाढत नाही पण वॉशिंग मशीन एक वाढतं. आणि फुटू नये असं पण मी म्हणणार नाही, माझ्या आईने सासूबरोबर त्या दहा बाय बारात वीस वर्षं काढली, तिला विचारा.

पाण्याचं सांगते. भातसा आणि तानसा ही धरणं शहापूर तालुक्यात. पाणी येतं मुंबई ठाण्याला. आणि एप्रिल मे आला की त्याच शहापूरच्या पाड्यांवर टँकर लागतात, बायका हंडे घेऊन विहिरीत उतरतात, दरवर्षी तुमच्याच पेपरात फोटो असतो, फोटोतली बाई बदलते फक्त. आमच्या सोसायटीत स्विमिंग पूल आहे. त्याच्या शेजारी पाटी आहे, पाणी वाचवा. शहापूरच्या त्या पाड्यावरच्या बाईला चार पोरं असतील तर आपण म्हणणार बघा यांच्यामुळे, आणि तिची चार पोरं मिळून दिवसाला जेवढं पाणी वापरतात तेवढं आमच्या इथे एक गाडी धुवायला जातं. कचऱ्याचंही तसंच, ठाण्याचा कचरा कित्येक वर्षं दिवा गावात नेऊन टाकला, दिव्याच्या लोकांनी तो धूर नाकात घेतला, नाक त्यांचं आणि खोकी आमची.

जगातही हाच हिशोब आहे. एका अमेरिकन माणसामागे वर्षाला साधारण १४ टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एका भारतीयामागे २ टन. आणि ते दोन टन सगळ्या भारतीयांचे सारखे थोडेच आहेत, माझ्या मुलाचे किती आणि आमच्या कामवाल्या ताईंचे किती. ताईंना तीन मुलं आहेत. त्यांच्याकडे बघून लिफ्टमध्ये एक मॅडम म्हणाल्या, इन लोगों को समझता नहीं. त्या मॅडमचा एकुलता एक मुलगा शिकायला कॅनडाला आहे आणि त्या वर्षातून दोनदा विमानाने जातात. ताई वर्षातून एकदा एसटीने परभणीला जातात. समजत नाही ते कोणाला हे मी त्यांना विचारायला हवं होतं, पण मजला आला.

आता माझ्या घरात येते, दुसऱ्यांची उणी काढून झाली. मला एक नात आहे, सहा वर्षांची. मुलगा आणि सून म्हणतात दुसरं परवडत नाही. खोटं बोलत नाहीत ते, मी हिशोब बघितलाय. शाळेची फी, स्कूल बस, डान्स, स्विमिंग, अबॅकस, घराचा हप्ता, गाडीचा हप्ता. वाढदिवसाला सगळ्या वर्गाला रिटर्न गिफ्ट, त्याचीच किंमत आमच्या वेळच्या बारशात बसली असती. माझी आई सातव्या बाळाला पहिल्याची झबली घालायची आणि आता पहिल्याच बाळाला चोवीस झबली, सगळी नवी, आणि दुसरं परवडत नाही. दोन्ही खरं आहे. एवढी वर्षं आम्ही निरोध वाटत फिरलो, आणि खरं कुटुंबनियोजन केलं ते ईएमआयने.

आणि दुसरं नको यात माझी काही तक्रार नाही. सुनेला परवा खालच्या मजल्यावरच्या आजींनी विचारलं, काय मग, दुसऱ्याचं काय. सून म्हणाली, दुसऱ्या कशाचं, गाडीचं? मी हसले तर आजी माझ्यावर रागावल्या. पण रात्री सून एकटी बसली होती तेव्हा म्हणाली, आई मला खरं तर हवं होतं दुसरं, पण पहिल्या वेळी सहा महिने घरी बसले तर प्रमोशन गेलं, आता परत हिंमत नाही. तिला कोणी विचारलं का कधी? तीन मुलं व्हायला हवीत म्हणणारे नेते २०२४ च्या शेवटी दक्षिणेतही बोलले, आपल्या नागपुरातही बोलले. म्हातारे वाढतायत, तरुण कमी होणार, खासदारांच्या जागा कमी होतील, असली कारणं. असतील बरोबर. पण पाळणाघर कुठे आहे ते कोणी बोलत नाही. दक्षिण कोरियात सरकारने पैसे वाटून बघितले, २०२३ ला तिथे एका बाईमागे ०.७२ मुलं, म्हणजे एक पण पूर्ण नाही. चीनने तीस पस्तीस वर्षं एकच म्हणून डोक्यावर दंडा ठेवला आणि २०२१ पासून तीन चालतील म्हणतायत, बायका ऐकत नाहीत. दंड्याने थांबवता येतं, पण दंड्याने पाळणा हलत नाही.

यात मला आपले र. धों. कर्वे आठवतात. नोकरीत असताना एका डॉक्टर मॅडमनी आम्हाला त्यांच्याबद्दल सांगितलं होतं तोवर मी महर्षी कर्वेच ऐकून होते, हे त्यांचे चिरंजीव. १९२१ साली मुंबईत त्यांनी संततिनियमनाचं केंद्र काढलं, सरकारचं धोरण यायला अजून तीस वर्षं होती. या विषयापायी प्राध्यापकाची नोकरी गेली, १९२७ पासून मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं, कोर्टात खेचलं गेलं, १९३४ मधल्या एका खटल्यात त्यांचं वकीलपत्र घेतलं ते बाबासाहेब आंबेडकरांनी. आणि १९३८ साली बाबासाहेबांच्याच पक्षाने मुंबईच्या विधिमंडळात संततिनियमनाचा प्रश्न मांडला, तो फेटाळला गेला. मला त्यात आवडतं ते हे की या लोकांनी नुसती देशाची गर्दी कमी करा म्हणून सुरुवात नव्हती केली. बाईचं शरीर आहे, बाळंतपणात ती मरते, किती मुलं हवीत ते तिला ठरवता आलं पाहिजे. शंभर वर्षं झाली. आजही कोणी पेपरात दोन लिहितो, कोणी ग्रुपवर तीन लिहितो.

तेव्हा त्या वाचक काकांना सांगा, रेशन बंद करायचंच असेल तर आधी कोणाचं काय बंद करायचं त्याची यादी आम्हाला करू द्या. मी वस्तीत घरोघर जाऊन पोरं मोजली, आता टॉवरमध्ये घरोघर जाऊन एसी मोजायला पण तयार आहे, पगार नको, गुडघ्यांमुळे लिफ्ट मात्र चालू पाहिजे.

पत्र लांबलंय, कापावं लागेल हे मला माहितीये. आणीबाणीचं कापलंत तर चालेल, शहापूरचं ठेवा. आणि खाली नाव छापू नका, मागे एकदा फुटपाथबद्दल तुमच्याकडे पत्र छापून आलं होतं नाव आणि सोसायटीसकट, तर चार दिवसांत एका एजंटने नंबर शोधून फोन केला. मॅडम तुम्ही जागरूक नागरिक आहात म्हणाला, मला जरा बरं वाटलं, मग विचारतो, तुमच्याच रोडवर नवीन प्रोजेक्ट येतोय, टू बीएचके, इन्व्हेस्टमेंट म्हणून एखादा बघून ठेवा ना.

आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
कासारवडवली, ठाणे (प.)